अबादानचे तेल आणि वॉशिंग्टनचा संशय

दोन बलाढ्य सत्ता झुंजू लागल्या की लहान मुल्काचे स्वतःचे दुखणे कुणाला दिसत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा विचार करताना आम्हांला इराणचे १९५३ साल आठवते, ते यासाठीच.

इराणच्या तेलाचा मक्ता १९०१ पासून परक्यांकडे होता. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने तेल कंपनीचा निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. अबादानला जगातला सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. त्याच्या सावलीत इराणी मजूर मात्र झोपड्यांत राहिले. १९५१ मध्ये मजलिसने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि पाठोपाठ डॉ. मुहम्मद मुसद्दिक पंतप्रधान झाले. ब्रिटनने इराणी तेलाची विक्रीच रोखली.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी समझोत्याची खटपट केली. जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर आले, तेव्हा कोरियात युद्ध पेटलेले होते आणि रशियाच्या हाती अणुबॉम्ब होता. इराण रशियाच्या घशात जाईल, या भीतीला ब्रिटनने खतपाणी घातले. वास्तविक परकीयांशी तेलमक्त्याच्या वाटाघाटी करण्यास बंदी घालणारा कायदा १९४४ मध्ये मुसद्दिक यांनीच मांडला होता. आणि तेव्हा मक्ता मागत होता तो रशिया! वॉशिंग्टनला हा माणूस आधी कळला असता तर?

घरातही फूट होती. आयतुल्ला काशानी दुरावले होते. मुसद्दिक यांनी सार्वमत घेऊन मजलिस बरखास्त केल्याने विरोधकांना आयते कोलीत मिळाले. सीआयए आणि ब्रिटिश हेरखात्याचा पहिला डाव फसला, शहा देशाबाहेर पळाले. पण १९ ऑगस्टला हुकूमत उलथली. मुसद्दिक यांना तीन वर्षे कैद झाली. पुढे १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अहमदाबाद या आपल्या गावी नजरकैदेत राहिले. १९५४ च्या नव्या तेलकरारात अमेरिकन कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला.

अमेरिकेने सुरक्षितता मिळवली असे तेव्हा वाटले. १९७९ मध्ये शहांना उपचारासाठी अमेरिकेत प्रवेश मिळताच तेहरानच्या तरुणांना १९५३ आठवले. दूतावासावर कब्जा झाला. ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. त्यांना डांबणे अन्यायच होता. पण त्या संशयाचे बीज कुणी पेरले, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या सीआयएच्या कागदपत्रांनी आपला हात कबूल केला. तोवर साठ वर्षे उलटली होती.