भंगार विकताना तांबे, पितळ, जर्मन वेगळे करा. एकाच पोत्यात घातले तर सगळे लोखंडाच्या भावात जाते

गावोगावी भोंगा लावून भंगारवाल्याची गाडी फिरते. "लोखंड, पत्रा, बॅटरी, जुनी मोटार" अशी हाळी आली की घरातले माणूस पडवीतले पोते ओढून आणते, काट्याला लावते आणि मिळतील ते पैसे घेते. काही ठिकाणी तर अजूनही भंगारावर लसूण नाहीतर प्लास्टिकचे टब घेतले जातात. पोत्यात नेमके काय होते, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. घेणाऱ्याला मात्र पक्के ठाऊक असते.

शेतकऱ्याच्या घरी आणि मळ्यात भंगार बरेच असते. जळालेली मोटार, विहिरीतून काढलेला पाईप, तुटलेला फूटव्हॉल्व्ह, जुनी केबल, ट्रॅक्टरची बॅटरी, गळका बंब, फुटका कुकर, झिजलेला फाळ अशा वस्तू कोपऱ्यात पडून असतात. यातल्या प्रत्येक वस्तूचा धातू वेगळा आणि भावही वेगळा. त्यामुळे कोणता धातू जास्त पैसे देतो, तो कसा ओळखायचा आणि काय विकू नये, हे माहीत असलेले बरे.

कोणत्या धातूला किती भाव

भंगाराचा भाव रोज हलतो. तांबे, ॲल्युमिनियम, शिसे आणि जस्त यांचे दर लंडनच्या धातू बाजारावर आणि मुंबईच्या एमसीएक्स बाजारावर चालतात. लोखंडाचा भाव भट्ट्यांच्या मागणीवर ठरतो. जालन्यातील सळई कारखाने आणि कोल्हापूर परिसरातील फाउंड्र्या भंगार वितळवूनच माल तयार करतात. म्हणून आजचा आकडा पाठ करण्यापेक्षा धातूंचे आपसातले प्रमाण लक्षात ठेवलेले सोपे पडते. जाड लोखंडाचा भाव १ धरला, तर ढोबळ प्रमाण असे लागते :

- पत्रा, डबे, हलका माल : १ पेक्षा कमी
- बीड : १ च्या आसपास
- भांड्याचे चांगले स्टील, तसेच बॅटरी : २ ते ३
- ॲल्युमिनियम, म्हणजे गावाकडचे जर्मन : ४ ते ५
- पितळ : १२ ते १५
- तांबे : २० ते २५

म्हणजे एक किलो तांबे म्हणजे वीसेक किलो लोखंड. किलोमागे सगळ्यात जास्त पैसा तांब्यात आहे, त्याच्या खालोखाल पितळात. पण शेतकऱ्याकडे तांबे चार-पाच किलो असते आणि लोखंड चाळीस-पन्नास किलो. नुकसान होते ते या दोन्हींची मिसळ झाल्यावर.

एक हिशेब करून पाहू. समजा ४० किलो लोखंड, ४ किलो तांबे, २ किलो पितळ आणि ३ किलो ॲल्युमिनियम असा ४९ किलो माल आहे. हिशेबापुरता लोखंडाचा भाव ३० रुपये धरला आणि बाकीचे वरच्या प्रमाणात कमीत कमी धरले, तर तांबे ६००, पितळ ३६० आणि ॲल्युमिनियम १२० रुपये किलो होते. वेगवेगळे विकले तर लोखंडाचे १,२००, तांब्याचे २,४००, पितळाचे ७२० आणि ॲल्युमिनियमचे ३६०, असे एकूण ४,६८० रुपये येतात. तोच माल सरसकट लोखंड म्हणून गेला, तर फक्त १,४७० रुपये. माल तोच आणि काटाही तोच असून ३,२१० रुपयांचा फरक पडतो. अर्ध्या दिवसाच्या निवडण्याला एवढी मजुरी दुसरीकडे मिळत नाही.

ओळखायचे कसे

पहिले हत्यार म्हणजे लोहचुंबक. जुन्या स्पीकरच्या मागे असतो तो चालतो. चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड किंवा बीड. चिकटला नाही तर तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, शिसे किंवा चांगले स्टील. असा माल तिथंच बाजूला काढायचा.

दुसरे हत्यार कानस. वरचा मुलामा फसवतो. चकचकीत पांढरा नळ स्टीलचा वाटतो, पण कानशीने घासल्यावर आत पिवळे दिसले तर ते पितळ. आत राखाडी निघाले आणि नळ हाताला हलका लागला, तर तो जस्ताच्या मिश्रणाचा स्वस्त नळ. लालसर निघाले तर तांबे. पण तांब्याचा नुसता मुलामा दिलेली लोखंडी तारही असते, म्हणून चुंबक आधी लावावा.

तिसरे म्हणजे वजन. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे, तर शिसे लोखंडापेक्षा जड आणि नखाने ओरखडा उठेल इतके मऊ. बीड आणि लोखंड दोन्ही चुंबकाला चिकटतात, पण घणाचा घाव बसला की बीड तुटते आणि लोखंड वाकते. बीडाला खरेदीदार वेगळा भाव लावतात, तो आधी विचारून घ्यावा.

स्टीलच्या भांड्यांचे जरा अवघड आहे. चांगले आणि हलके अशा दोन्ही प्रतींच्या स्टीलला बरेचदा चुंबक चिकटत नाही. इथे घरच्या घरी खात्री होत नाही, दोन ठिकाणी विचारणे हाच उपाय.

मळ्यातल्या कोणत्या वस्तूत काय

*जळालेली मोटार :* बाहेरची बॉडी बहुतेक बीडाची, आत लोखंडी पट्ट्यांचा गाभा, शाफ्ट लोखंडी किंवा स्टीलचा आणि वायंडिंग तांब्याचे. मोटार अख्खी विकली की बहुतेक वेळा भाव पाडून मागतात. पण आधी रिवायंडिंगवाल्याला दाखवावी. वायंडिंग भरून मोटार चालणार असेल तर ती भंगार नाहीच. भरायला दिली तर जुने तांबे कोणाचे, हे काम देतानाच बोलून घ्यावे. अनेक जण ते दुकानातच सोडून येतात. काही स्वस्त मोटारींत वायंडिंग ॲल्युमिनियमचे असते. तारेला वार्निश असल्याने वरून दोन्ही सारखी दिसते, खरवडल्यावर रंग कळतो.

*पंप, फूटव्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह :* जुन्या पंपांत इंपेलर आणि बुश पितळाचे किंवा गनमेटलचे सापडतात. पंप बीडाच्या भावात देण्याआधी खोलून पाहावा.

*केबल :* सबमर्सिबलची चपटी तीन पदरी केबल तांब्याची असते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बहुधा ॲल्युमिनियमची असते. जाड केबलचे साल काढणे परवडते, बारीक वायरचे परवडत नाही. ठरवायला सोपी रीत आहे. एक हात तुकडा कापून वजन करा, साल काढून पुन्हा वजन करा. अर्ध्याच्या वर तांबे निघाले तर मेहनतीचा पैसा होतो. नाहीतर सालासकट विकावी.

*बंब, हंडा, घंगाळ, समई :* बंबाचे अंग तांब्याचे, तोटी पितळाची, जाळी लोखंडी. मात्र अखंड जुनी भांडी वजनावर देण्याची घाई करू नये. कल्हई करून ती वापरात येतात, शिवाय जुन्या घडणीच्या भांड्यांना शहरात भंगारापेक्षा जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक मिळते.

*कुकर, पातेली, स्प्रिंकलरचे जुने पाईप :* जर्मनची भांडी आणि ॲल्युमिनियमचे पाईप. मूठ, रबर, स्क्रू काढून टाकावेत. चिकटलेल्या लोखंडामुळे अख्ख्या मालाचा भाव पडतो.

*फाळ, पास, पाटे, अँगल :* गाडीच्या पाट्याचे पोलाद चिवट असते. त्यापासून कुऱ्हाड, विळे, फाळ घडतात, म्हणून लोहार त्याला भंगारापेक्षा बरी किंमत देतो. सरळ अँगल, पाईप आणि चांगले पत्रे कापू नयेत. शेडसाठी जुना माल शोधणारे असतात.

जाळू नका, फोडू नका

केबल जाळून तांबे काढण्याची पद्धत सगळीकडे दिसते. पीव्हीसी जळताना निघणारा धूर विषारी असतो. त्यात हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे घटक असतात. जाळणारा माणूस, शेजारची लेकरं आणि वैरण, सगळ्यांवर तो बसतो. आणि इतके करून जळकट, काळ्या तांब्याला सोललेल्या तांब्यापेक्षा भाव कमीच मिळतो.

बॅटरी कधीही घरी फोडू नये. आत गंधकाचे आम्ल आणि शिसे असते. आम्लाने डोळे आणि कातडी जाते, तर शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन घेताना दुकानात जुनी दिली की किमतीत सूट मिळते. ती सूट आणि भंगारवाल्याचा भाव दोन्ही विचारून जिथे जास्त तिथे बॅटरी अखंड द्यावी. पाणी मातीत ओतून वजन कमी करायचे कारण नाही.

बंद सिलिंडर, शॉकअप, फ्रिजचा कॉम्प्रेसर गॅसने कापताना फुटू शकतात. घरगुती गॅसचा सिलिंडर तर ग्राहकाच्या मालकीचाच नसतो, तो कंपनीचा असतो. लष्कराच्या सराव क्षेत्राजवळ तोफगोळ्यासारखे काही सापडले तर हात लावू नये, पोलिसांना कळवावे. त्यातल्या चार किलो धातूपायी जीव घालवू नये.

हे विकायचे नाही, घ्यायचेही नाही

तांब्याला भाव आहे म्हणूनच रात्रीतून केबल कापल्या जातात. कापणाऱ्याला शे-दोनशे मीटर केबलचे मिळतात ते भंगाराचे पैसे, पण शेतकऱ्याला नवी केबल घ्यावी लागते आणि ऐन पाण्याच्या पाळीत पीक वाळते. डीपी फोडली तर सगळी वस्तीच अंधारात जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे लोखंडी दरवाजे चोरीला जातात, तेव्हा किलोवर विकलेल्या त्या लोखंडापायी शिवाराचे पाणी वाहून जाते.

वीज वाहिनी आणि तिचे साहित्य चोरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १३६ खाली गुन्हा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेच्या साहित्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून रस्त्याकडेला पडलेली वीजतार, व्हॉल्व्ह किंवा रुळाचा तुकडा "बेवारस" समजून उचलू नये.

आपल्या केबलचे बिल आणि मोटारीचा नंबर जपून ठेवावा, मोबाईलमध्ये फोटो काढावा. केबलवर ठराविक अंतराने रंगाची खूण केली तर चोरीनंतर माल ओळखता येतो. चोरी झाल्यास तक्रार नोंदवावी. जुनी गाडी किंवा ट्रॅक्टर भंगारात देताना आरटीओकडे नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर कागदोपत्री गाडी मालकाच्याच नावावर राहते.

काटा आणि भाव

इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. पडताळणीचा शिक्का पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. शंका आली तर घरचीच वस्तू लावून पाहावी. युरियाची न फोडलेली गोणी ४५ किलोची असते, डीएपीची ५० किलोची. गोणीच्या रिकाम्या पोत्याचे थोडे वजन वर येईल, पण ४५ च्या जागी ४० दाखवणारा काटा लगेच उघडा पडतो. तांब्यासारख्या थोड्या मालाला मोठा काटा नको. त्यावर दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही आणि तेवढ्यात शंभर-दीडशे रुपये जातात.

दारात येणारा फेरीवाला माल तालुक्याच्या गोदामात देतो, तिथून तो मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि पुढे भट्टीवर जातो. प्रत्येक टप्प्यावर नफा सुटतो आणि तो चुकीचा नाही, कारण फिरण्याचा आणि वाहतुकीचा खर्च त्याचाच असतो. म्हणून लोखंड, पत्रा दारातच द्यावा. ४० किलो लोखंडाला किलोमागे तीन रुपये जास्त मिळाले तरी १२० रुपयेच होतात आणि ते पेट्रोलमध्ये जातात. तांबे-पितळ मात्र बाजाराच्या दिवशी पिशवीतून तालुक्याला न्यावे. किलोमागे शंभर रुपयांचा फरक पडला तरी चार किलोला चारशे रुपये सुटतात. दोन-तीन घरांनी मिळून माल नेला तर भाव करायलाही जोर येतो.

तालुक्याच्या गोदामात गेल्यावर आधी भाव विचारायचा, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा विचारायचा आणि मगच पिशवी उघडायची. वजनाची पावती मागून घ्यायची. मालाचा प्रश्न उद्या उभा राहिला तर तो कुठून आला आणि कुठे गेला, हे त्याच कागदावरून दाखवता येते.