पाच वर्षं, आणि एकही दिवस बाहेर नाही

नेरुळ, वाशी, खारघरच्या सोसायट्यांमध्ये दिवस मोजणारी माणसं बरीच आहेत. घरातलं कुणी 'शिपवर' असेल, तर आर्थिक वर्षात त्याचे भारतात 182 दिवस भरू नयेत यावर सगळ्यांचा डोळा असतो. भरले तर आयकर खात्याच्या लेखी तो निवासी ठरू शकतो. मुलगी ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत असेल, तर हिशेब उलटा. तिचे तिथले दिवस कमी पडता कामा नयेत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बाबांची अँजिओप्लास्टी, भावाचं लग्न अशी प्रत्येक फेरी फोनमधल्या एक्सेल शीटमध्ये जाऊन बसते. नागरिकत्वाच्या अर्जात त्या सगळ्या फेऱ्या तारखेनिशी द्याव्या लागतात.

माणूस कुठल्या देशाचा, हे दिवस मोजून ठरवायची कल्पना आली कुठून?

अमेरिकेने 1790 साली नागरिकत्वाचा पहिला कायदा केला तेव्हा दोन वर्षांचं वास्तव्य पुरत होतं. 1795 मध्ये त्याची पाच वर्षं झाली, 1798 मध्ये थेट चौदा, आणि 1802 मध्ये पुन्हा पाच. पण या पाच वर्षांत माणूस मध्येच बाहेर जाऊन आला तर काय, यावर कायदा गप्प होता. तो बोलला 1813 मध्ये, आणि बोलायला कारण ठरले खलाशी.

तेव्हा ब्रिटनचं आरमार समुद्रात अमेरिकी जहाजं अडवून त्यांवरचे खलाशी उचलून नेत असे. 'हे आमचेच पळालेले लोक आहेत', असं त्यांचं म्हणणं. खलाशाने अमेरिकी नागरिकत्वाचा कागद दाखवला तरी उपयोग नसे, कारण जन्माने ब्रिटिश तो मरेपर्यंत ब्रिटिश, अशी ब्रिटनची भूमिका होती. 1812 च्या युद्धामागचं हे एक मोठं कारण. युद्ध चालू असतानाच, 3 मार्च 1813 रोजी, अमेरिकेने कायदा केला की युद्ध संपल्यावर अमेरिकी जहाजांवर अमेरिकी नागरिकच काम करतील. परक्या खलाशांनी झटपट नागरिक होऊ नये म्हणून त्यात एक कलम घातलं गेलं: यापुढे येणाऱ्याने नागरिकत्वाआधीची सलग पाच वर्षं देशात काढायची, आणि त्या काळात एकदाही देशाची हद्द ओलांडायची नाही.

एकदाही नाही. ज्याचं पोट समुद्रावर, त्याला समुद्रबंदी. ही अट 1848 मध्ये रद्द झाली, म्हणजे ती पस्तीस वर्षं टिकली.

पुढे 1906 च्या कायद्याने 'सलग' वास्तव्याची अट ठेवली, पण सलग म्हणजे नेमकं किती, हे न्यायाधीशांवर सोडलं. 1929 मध्ये आकडे आले. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं धरायचं, मात्र तुम्हाला ते खोडून काढायची संधी. एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर साखळी तुटलीच. 1952 मध्ये आणखी एक चाळणी लागली: पाच वर्षांपैकी निम्मा काळ, म्हणजे 30 महिने, प्रत्यक्ष देशात हवा. नवी मुंबईतून निघणारी मुलगी आजही याच आकड्यांत अडकलेली असते. विमानं बदलली, आकडे तेच राहिले.

मात्र हे दिवस मोजण्याचा मानही भारतीयांना उशिरा मिळाला. फेब्रुवारी 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः 1914 पासून अमेरिकी नागरिक होते. त्यांच्यावरही खटला झाला. त्या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण भारतातले वडिलोपार्जित हक्क सोडले, वकिली आणि संसार उभा केला, हे त्यांनी मांडलं आणि ते जिंकले. बाकीच्यांसाठी दार उघडलं जुलै 1946 मध्ये.

दिवस मोजावेत की माणूस पाहावा, हा वाद कॅनडात सर्वात स्पष्ट दिसतो. तिथे 1977 पासून चार वर्षांतली तीन वर्षं वास्तव्य हवं होतं. 1978 मध्ये एका विद्यार्थ्याची केस आली. तो शिकायला अमेरिकेत जाऊन-येऊन राहत होता, पण घर, सामान, सुट्ट्या सगळं कॅनडात. न्यायाधीशांनी म्हटलं, घर इथे असेल तर शिकायला किंवा कामाला बाहेर गेल्याने वास्तव्य संपत नाही. निकाल माणुसकीचा होता. पण पुढे कुणी न्यायाधीश घर पाहायचा, कुणी कॅलेंडर. सारख्याच दोन अर्जांचं भवितव्य फाइल कुणाच्या टेबलावर गेली यावर ठरू लागलं. शेवटी कॅनडानेही मोजणीच निवडली. आज तिथे पाच वर्षांत 1,095 दिवस लागतात. ब्रिटनमध्ये पाच वर्षांत 450 दिवसांपर्यंत बाहेर राहणं सर्वसाधारणपणे चालतं, शेवटच्या वर्षात 90. शिवाय अर्जाच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही तिथे हजर हवेत.

मोजणीची बाजू खरी आहे. आकडा चेहरा बघत नाही, आडनाव बघत नाही, महागडा वकीलही मागत नाही. पण आकडा कारणही बघत नाही. मार्च 2020 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली, आणि नियमित सेवा 27 मार्च 2022 ला पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात मोजक्या विमानांची वाट पाहत इथे अडकलेल्यांचे सहा महिने कधी उलटले, ते अनेकांना कळलंही नाही. ग्रीन कार्ड वाचवणारं री-एंट्री परमिट हाताशी असलं, तरी त्याने नागरिकत्वासाठीची साखळी सांधत नाही.

आणि हे फक्त परक्या देशांचं नाही. आपली राज्यघटना दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर भारतीय राहू देत नाही. तीच मुलगी पुढे अमेरिकी झाली, ओसीआय कार्ड घेऊन आईवडिलांसाठी खारघरला परतली आणि पुन्हा भारतीय व्हायचं म्हणाली, तर कार्ड घेऊन पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी 12 महिने भारतात वास्तव्य हवं. 2015 च्या दुरुस्तीने त्यात जास्तीत जास्त 30 दिवसांची सूट देता येते. तेवढ्यात तिकडे शिकणाऱ्या मुलाला भेटायचं. तेव्हा ती पुन्हा एक्सेल उघडते, फक्त आता रकाने उलटे.

1813 च्या कायद्याला भीती होती ती कुठेच मन नसलेल्या खलाशाची. आज फेऱ्या मारणाऱ्यांचं मन दोन ठिकाणी असतं, म्हणून त्या फेऱ्या होतात. राज्याला मन मोजता येत नाही, म्हणून ते पासपोर्टवरचे शिक्के मोजतं. ते समजण्यासारखं आहे. पण जो देश माणसाला आपलं म्हणणार, त्याने आजारी आईच्या उशाशी काढलेले दिवस निष्ठेच्या वजाबाकीत धरू नयेत, एवढी अपेक्षा जास्त नाही. आजच्या अमेरिकी कायद्यात अमेरिकी जहाजांवरची ठरावीक नोकरी देशातलं वास्तव्य म्हणून धरली जाते. खलाशावरचा संशय कायद्याने सोडला. मुलांवरचा अजून बाकी आहे.