पहाटेचा अर्धा तास : पालकांच्या वाट्याचा वेळ

लहान मुलांच्या घरात दिवस कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाचे उत्तर घड्याळच देते. शाळेची व्हॅन, कार्यालयाची लोकल, संध्याकाळचा अभ्यास, रात्रीचे जेवण या साऱ्यांत आई-वडिलांच्या स्वतःच्या नावाने एकही रकाना नसतो. म्हणून अनेक पालक घर जागे होण्यापूर्वीचा पहाटेचा वेळ राखून ठेवण्याचा प्रयत्न करतात. हा प्रयत्न कशामुळे साधतो, कशामुळे फसतो आणि कोणी तो मुळीच करू नये, याचा हा आढावा.

परंपरेतील पहाट

पहाटे उठण्याचा उपदेश मराठी घरांना नवा नाही. अहोरात्राचे ३० मुहूर्त मानले, तर एक मुहूर्त ४८ मिनिटांचा होतो. सूर्योदयापूर्वी साधारण ९६ मिनिटांनी सुरू होणारा आणि ४८ मिनिटे आधी संपणारा तो ब्राह्ममुहूर्त. तो सूर्योदयाशी बांधलेला असल्याने ऋतूनुसार सरकतो. मुंबईत जूनच्या आरंभी सूर्य ६ च्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्यास सव्वासातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात साडेचारच्या आधी येणारी ही वेळ हिवाळ्यात साडेपाचच्या पुढे जाते. बाराही महिने पहाटे ४ चा गजर लावण्याचा आग्रह परंपरेच्या हिशेबातही बसत नाही.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा उपदेश तेथे आरंभीच येतो. मात्र तो ‘स्वस्थ’ म्हणजे निरोगी माणसाला उद्देशून केलेला आहे. हा शब्द अनेकदा नजरेआड होतो. रात्रभर तापलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

महाराष्ट्रातील स्त्रियांची पहाट तर कष्टाचीच होती. गिरण्या गावोगावी पोहोचण्यापूर्वी घरचे दळण उजाडण्याआधी जात्यावर होत असे. पण त्याच वेळी, ऐकणारे कोणी नसताना, बायकांनी माहेर, सासर, लेकरे आणि विठ्ठल यांच्याविषयी मनातले ओवीत गुंफले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. काम करता करता मिळालेला तो स्वतःचा वेळ होता. कामातून सुटका मात्र नव्हती.

अलीकडची लाट निराळ्या वाटेने आली. हाल एलरॉड यांचे ‘द मिरॅकल मॉर्निंग’ (२०१२) आणि रॉबिन शर्मा यांचे ‘द फाइव्ह ए. एम. क्लब’ (२०१८) या पुस्तकांनी पहाटेला यशाच्या शिडीचे रूप दिले. त्या शिडीवर चढताना कडेवर तान्हे मूल असेल तर काय करावे, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराला स्वतःच सोडवावा लागतो.

शरीराचे घड्याळ

झोप-जागेचे चक्र मेंदूतील एका लहानशा केंद्राकडून चालवले जाते आणि डोळ्यांत शिरणारा प्रकाश त्याचे काटे जुळवतो. या जैविक घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येऊ लागते. रात्रीचा प्रखर उजेड नेमके उलटे करतो. काहींचे शरीर मुळातच पहाटेचे, तर काहींचे रात्रीचे असते. हा कल काही अंशी आनुवंशिक आणि काही अंशी वयावर अवलंबून असतो. तो आळसाचा पुरावा नव्हे.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब झोपेचा. प्रौढांनी नियमितपणे रात्री ७ तास किंवा अधिक झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे केली. आता शहरातील नेहमीची रात्र पाहावी. जेवण साडेनऊला, आवराआवर साडेदहापर्यंत, त्यानंतर दूरचित्रवाणी किंवा मोबाइल, आणि झोप साडेअकराला. सहाला उठल्यास साडेसहा तास झोप होते. झोपण्याची वेळ तीच ठेवून सव्वापाचचा गजर लावला, तर रोज ४५ मिनिटे कमी होतात. सहा दिवसांत ही तूट साडेचार तासांची. स्वप्नावस्थेची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते, त्यामुळे कात्री तिलाच लागते. त्याचा परिणाम चिडचिड, विसराळूपणा आणि दुपारची ग्लानी या रूपाने दिसतो. स्वतःची काळजी घेण्यासाठी काढलेला वेळ मग मुलांवर ओरडण्यात खर्ची पडतो.

सुरुवात आदल्या रात्री

पहाटेचा उपक्रम साधतो तो रात्री. क्रम पुढीलप्रमाणे ठेवल्यास निभाव लागतो.

१. आधी झोपण्याची वेळ मागे आणावी, मग गजराची. दर तीन-चार दिवसांनी दोन्ही १५ मिनिटांनी सरकवाव्यात. ४५ मिनिटांचा बदल सुमारे दोन आठवड्यांत अंगवळणी पडतो.

२. दुपारी चारनंतरचा चहा-कॉफी टाळावा. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात.

३. डब्याची भाजी चिरणे, गणवेशाला इस्त्री, दप्तर आणि पाण्याची बाटली ही कामे रात्रीच हातावेगळी करावीत. अन्यथा पहाटेचा अर्धा तास ओट्यापाशीच संपतो.

४. पहाटे मुलांची झोप हलकी असते. मिक्सर, कुकरची शिटी आणि मोठा गजर टाळावा.

५. उठल्यावरची पहिली १५ ते ३० मिनिटे मेंदूवर झोपेची सुस्ती असते. या वेळात हिशेब किंवा निर्णय नकोत. तोंड धुणे, पाणी पिणे, दिवा लावणे पुरे.

६. सुट्टीच्या दिवशी नेहमीपेक्षा तासाभराहून अधिक उशिरा उठू नये. बसलेली घडी पुन्हा विस्कटते.

त्या वेळात काय करावे?

एकच गोष्ट ठरवावी आणि ती स्वतःची असावी. चालणे, सूर्यनमस्कार, गाण्याचा रियाज, दोन पाने वाचन, रोजनिशी किंवा निवांत घेतलेला एक कप चहा, काहीही चालेल. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रोज ३० मिनिटे याप्रमाणे पाच दिवसांत तो पुरा होतो. अंधारात एकट्याने रस्त्यावर जाण्यापेक्षा सोसायटीचे आवार किंवा गच्ची बरी. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची थंड हवा प्रदूषके धरून ठेवते; दमेकऱ्यांनी ऊन वर आल्यावर चालावे.

मूल जागे झालेच, तर राग मानू नये. शेजारी बसून चित्र काढण्याची मुभा चार-पाच वर्षांच्या मुलाला देता येते. त्याहून लहान मुलाला त्या दिवशी घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाने घ्यावे.

हा वेळ कोणाचा?

येथे प्रश्न घड्याळाचा राहत नाही, घरातील कामाच्या वाटणीचा होतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. हे अंतर तसेच ठेवून स्त्रीला पहाटे उठण्याचा सल्ला देणे म्हणजे तिच्याच झोपेतून तिला वेळ काढून देणे. त्याऐवजी सकाळचे वार वाटून घ्यावेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकाने डबा व तयारी पाहावी, इतर दिवशी दुसऱ्याने. ज्याची पाळी नसेल, त्याला वेळही मिळतो आणि झोपही. आजी-आजोबा घरी असतील, तर त्यांना गृहीत न धरता आधी विचारावे. एकल पालकांना ही सोय नसते. त्यांनी पहाटेचा हट्ट न धरता मूल शाळेत वा खेळायला गेल्यावरची वीस मिनिटे राखावीत.

शाळेच्या वेळेचाही यात वाटा आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. तो जेथे अमलात आला तेथे सकाळला थोडा अवकाश मिळतो. माध्यमिक वर्ग सातला भरत असतील, तर घर साडेपाचलाच जागे होते आणि स्वतंत्र पहाट उरत नाही. अशा घरांनी रात्री मुले झोपल्यावरचा पहिला अर्धा तास निवडावा, पण तो मोबाइलच्या हवाली करू नये.

कोणी थांबावे?

बाळ रात्री अनेकदा उठत असेल, तर आईने मिळेल तेव्हा झोपावे. तीच तिची स्वतःची काळजी. रात्रपाळी करणारे, आजारातून उठलेले आणि सात तासांची झोप कोणत्याही उपायाने न साधणारे यांनीही हा प्रयोग पुढे ढकलावा. पहाटे आपोआप लवकर जाग येणे, पुन्हा झोप न लागणे आणि सोबत दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी असणे हे नैराश्याचे लक्षण असू शकते, विशेषतः बाळंतपणानंतर. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.

इतरांनी महिनाभर करून पाहावे आणि शेवटी दोनच गोष्टी तपासाव्यात : दुपारी डोळे मिटतात का, आणि घरातील सूर पूर्वीपेक्षा मऊ झाला का. पहिल्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही असे आले, तर गजर निःसंकोच पुन्हा सहावर आणावा.