आंकडा आणि भविष्य

नरखेडाहून नागपुरास उपचारासाठीं जाणाऱ्या माणसाच्या हातीं आज रक्ततपासणीचा कागद असतो. जठराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली असली, तर त्यांतील एका आंकड्याकडे सारें घर डोळे लावून बसतें. तो चढला म्हणजे सर्व संपलें, उतरला म्हणजे गंगेंत घोडें न्हालें, असा आपला समज! तो कितपत खरा, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

२९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें बिलरोथ या शस्त्रवैद्यानें थेरेसा हेलर नामक ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा रोगग्रस्त भाग काढून उरलेला भाग आंतड्याशीं जोडला. ती वांचली, बिलरोथची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु सुमारें चार महिन्यांनीं रोग उलटून ती मरण पावली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी रोग्याचें पुढें काय होणार, हा प्रश्न तेव्हांपासून वैद्यांपुढें उभा आहे.

१९६५ सालीं माँट्रियल येथील गोल्ड व फ्रीडमन यांनीं आंतड्याच्या कर्करोगांत आढळणारें एक द्रव्य शोधून काढलें. पुढें ‘सीईए’ या नांवानें तें रक्तांत मोजूं लागले. मागाहून ‘सीए १९-९’ व ‘सीए ७२-४’ हीं द्रव्यें आलीं. शस्त्रक्रियेपूर्वीं यांचें प्रमाण फार असल्यास रोग पसरलेला असण्याचा व पुढें उलटण्याचा संभव अधिक, असा अनुभव आला. उतरलेला आंकडा पुनः चढूं लागला, तर तोही इशाराच होय.

परंतु इशारा म्हणजे निकाल नव्हे. धूम्रपानानें सीईए वाढतें, काविळींत सीए १९-९ वाढतें. कांहीं माणसांच्या शरीरांत तर हें दुसरें द्रव्य जन्मतःच तयार होत नाहीं. उलटपक्षीं, जठराचा कर्करोग असूनही अनेकांचे सारे आंकडे निर्दोष दिसतात. म्हणून रोग जठराच्या भिंतींत किती खोल गेला, किती लसग्रंथींत शिरला, याचाच विचार आधीं करावा लागतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ सालीं कर्करोगानेंच निवर्तले. त्यांच्या नांवाचें कर्करोग-रुग्णालय आज नागपुरांत आहे. तेथवर जाणाऱ्या आपल्या बांधवांनीं चढलेल्या आंकड्यानें धीर सोडूं नये व उतरलेल्या आंकड्यावर विसंबून पुढील तपासणी चुकवूं नये. फुलोरा विरळ दिसला म्हणून नरखेडचा बागाईतदार संत्र्याच्या झाडावर कुऱ्हाड चालवीत नाहीं, आणि भरघोस दिसला म्हणून राखणही सोडीत नाहीं.