महाराष्ट्रातील शाळांचा पुनरारंभ (कोविड-१९ साथ)

कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या महाराष्ट्रातील शाळा नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२२ या काळात टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करण्यात आल्या. साथीच्या लाटांमुळे ही प्रक्रिया दोनदा खंडित झाली. या काळात वर्षा गायकवाड राज्याच्या शालेय शिक्षणमंत्री होत्या.

पार्श्वभूमी

शाळा बंद असताना महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चालवला. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली, तसेच २०२०-२१ या वर्षाचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता किंवा जेथे नेटवर्क मिळत नव्हते, तेथील विद्यार्थी ऑनलाइन वर्गांपासून दूर राहिले. अनेक ठिकाणी शिक्षकांनी वाडीवस्तीवर जाऊन, ओट्यावर किंवा झाडाखाली लहान गटांना शिकवले. त्याच वेळी अनेक शिक्षकांवर साथनियंत्रणाच्या सर्वेक्षणाचीही जबाबदारी होती.

टप्पे

* २३ नोव्हेंबर २०२० : नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी. निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवल्याने मुंबईसह काही शहरांतील शाळा बंदच राहिल्या.
* २७ जानेवारी २०२१ : मुंबई वगळता पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू. दुसऱ्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या व त्या वर्षीची दहावी-बारावीची मंडळाची परीक्षा रद्द झाली.
* १५ जुलै २०२१ : कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू. यासाठी सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समिती व ग्रामपंचायतीचा ठराव आवश्यक होता.
* ४ ऑक्टोबर २०२१ : ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, तर शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू.
* १ डिसेंबर २०२१ : उर्वरित प्राथमिक वर्गांना परवानगी. मुंबईत हे वर्ग १५ डिसेंबरला भरले.
* जानेवारी २०२२ : ओमायक्रॉनच्या लाटेमुळे १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा बंद ठेवण्याचा आदेश निघाला. मात्र तो बदलून २४ जानेवारीपासून शाळा सुरू करण्यास मुभा देण्यात आली.

सुरक्षिततेचे उपाय

पालकांची लेखी संमती आवश्यक होती व उपस्थिती ऐच्छिक होती. एका बाकावर एकच विद्यार्थी बसवणे, दोन बाकांत सहा फुटांचे अंतर ठेवणे, मुखपट्टी वापरणे, हात धुण्याची सोय करणे आणि प्रवेशद्वारावर तापमान तपासणे हे मुख्य नियम होते. मोठ्या पटाच्या शाळांत विद्यार्थ्यांना दिवसाआड किंवा दोन सत्रांत बोलावले जाई. नोव्हेंबर २०२० मध्ये शिक्षकांना आरटी-पीसीआर चाचणी बंधनकारक होती. पुढे लसीकरणावर भर देण्यात आला आणि ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण देशभर सुरू झाले. खेळती हवा हा संसर्ग रोखण्याचा महत्त्वाचा उपाय असल्याने दारे-खिडक्या उघड्या ठेवण्याची सूचना होती. एकाच खोलीत अनेक वर्ग भरणाऱ्या शाळांत मात्र अंतराचा नियम पाळणे कठीण गेले.

मतभेद

लहान मुलांना लस उपलब्ध नसताना व घरात वृद्ध माणसे असताना शाळा उघडू नयेत, असे काही पालकांचे म्हणणे होते. याउलट, मुलांमध्ये आजार बहुधा सौम्य असतो, तर शाळाबंदीमुळे वाचन-लेखन, पोषण आणि मानसिक आरोग्य यांची हानी होते, बालविवाह व बालमजुरीचा धोका वाढतो, असे शाळा उघडण्याच्या बाजूचे मत होते. बाजारपेठा आणि उपाहारगृहे खुली असताना शाळाच बंद का, हा प्रश्न या वादात वारंवार विचारला गेला.

परिणाम

जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेली अनेक मुले प्रथमच वर्गात बसली, तेव्हा ती दुसरीत होती. मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवण्यात आला. ‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणानुसार, ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले.