बेचाळीस वर्षांची मुदत

९ मे १८७४ या दिवशी कुलाब्याहून पायधुणीकडे घोड्यांची पहिली ट्राम निघाली, तेव्हा तीत बसणाऱ्याला तीन आणे मोजावे लागत. आणि त्या तीन आण्यांची साक्ष म्हणून त्याच्या हाती काहीही पडत नसे, कारण कंपनीने तोवर तिकिटे छापलीच नव्हती. मुंबईकराच्या सचोटीवरचा हा विश्वास वर्षभरही टिकला नाही. ट्रामची लोकप्रियता वाढली, तसे फुकटेही वाढले. भाडे दोन आण्यांवर आले आणि त्याच साली तिकिटेही आली. स्टर्न्स आणि किट्रेज या अमेरिकन गृहस्थांच्या पेढीने उभ्या केलेल्या या कंपनीच्या तबेल्यांत प्रारंभी नऊशे घोडे होते. पुढे त्यांची संख्या तेराशे साठांवर गेली. शहराच्या हमरस्त्यांवर रूळ टाकायचे, तर शहराची अनुज्ञा हवी. ती १८७४ च्या ट्रामवे कायद्याने मिळाली, पण मिळताना तीत एक कलम बसवले गेले: १९०१ साल उजाडले की हा सारा धंदा विकत घेण्याचा हक्क म्युनिसिपालिटीला राहील.

ट्रामचा इतिहास सांगणारे घोड्यांवरून थेट विजेवर येतात आणि हे कलम मध्येच गळून पडते. मला मात्र त्या कलमावाचून मुंबईच्या लोकमताचा उलगडा होत नाही.

१८९९ साली, म्हणजे मुदत दोन वर्षांवर आली असताना, कंपनीने म्युनिसिपालिटीकडे अर्ज केला की विजेच्या ट्रामगाड्या चालवण्यास परवानगी द्यावी. पण त्यात भांडवल फार गुंतणार असल्यामुळे म्युनिसिपालिटीने आपला खरेदीचा हक्क सोडून द्यावा. भाडे एका आण्यावर आले ते याच वर्षी. म्युनिसिपालिटीचे उत्तर कंपनीच्या अपेक्षेच्या अगदी उलट निघाले: हक्क सोडणे दूरच, तो बजावण्याचाच ठराव झाला. मात्र ठराव करणे निराळे आणि ताबा घेणे निराळे. कायद्याच्या अडचणी एकामागून एक उभ्या राहिल्या, प्रकरण रेंगाळले, आणि त्या रेंगाळण्यात १९०४ साली ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन या इंग्लंडमधील कंपनीचा अर्ज येऊन दाखल झाला.

या कंपनीचा मूळ व्यवसाय इंग्लंडातल्या गावोगावी ट्रामगाड्या चालवण्याचा. तिने समुद्र ओलांडून मुंबईत पैसा का घालावा, याचे एक कारण तिच्या मायदेशीच सापडते. १८७० च्या ब्रिटिश ट्रामवे कायद्याने तेथील नगरसंस्थांना एकवीस वर्षांनंतर ट्राम विकत घेण्याचा अधिकार दिला होता, आणि ग्लासगोने १८९४ साली ट्रामचा कारभार स्वतःकडे घेतल्यापासून एकामागून एक शहर तोच मार्ग धरू लागले होते. ज्या धंद्याखालची जमीन घरी अशी सरकत चालली होती, त्याला दूरची बाजारपेठ आकर्षक वाटावी यात नवल नाही. म्हणजे इंग्रज करदाता ज्या कंपन्यांच्या हातून आपली ट्राम सोडवून घेत होता, त्यांतलीच एक मुंबईच्या करदात्याच्या दारी येऊन उभी राहिली. त्या करदात्याला ही विसंगती दिसली नसेल, असे मला वाटत नाही. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानंतरचे मुंबईचे नगरसेवक इंग्लंडातील नगरशासनाकडे डोळे लावून बसलेले होते.

३१ जुलै १९०५ रोजी परवान्यावर सह्या झाल्या. ब्रश इलेक्ट्रिकल ही ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शनची मुखत्यार म्हणून त्यात एक पक्ष होती. दुसरा पक्ष जुनी ट्राम कंपनी आणि तिसरा म्युनिसिपालिटी. नव्याने स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने जुनी कंपनी अठ्ठ्याण्णव लाख पन्नास हजार रुपयांना घेतली आणि शहराला वीज पुरवण्याचा मक्ताही तिच्याच पदरात पडला. खरेदीचा हक्क म्युनिसिपालिटीने याही खेपेस हातचा जाऊ दिला नाही. मात्र तो फळाला यायचा होता बेचाळीस वर्षांनी.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. स्वदेशीच्या त्या वणव्यात विलायती ट्रामचे काय झाले, असा प्रश्न सहज मनात येतो. कापड घरी विणता येते, साखरेऐवजी गूळ खाता येतो. ट्राम घरी चालवता येत नाही. ७ मे १९०७ च्या संध्याकाळी साडेपाच वाजता, शृंगारलेली विजेची पहिली गाडी निमंत्रितांना घेऊन म्युनिसिपल कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटापर्यंत गेली. अंतर पायी चालणाऱ्यालाही पाच-दहा मिनिटांचे. आत्मगौरवाला तेवढे पुरले.

नंतरच्या ट्रामचे चित्र अनेकांच्या स्मरणात आहे. डोक्यावरच्या तारेला टेकलेला दांडा शेवटच्या थांब्यावर दोरीने ओढून फिरवायचा, पायाने दाबून घंटा वाजवायची, आणि एका आण्यात, गाडी बदलावी लागली तरी, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला पोचवायचे. तो आणा हेच लोकमताचे माप होते. लाभांश लंडनला जातो की काळबादेवीला, याची चर्चा दादाभाईंच्या संपत्तिवहनाच्या सिद्धान्ताने सुशिक्षितांत घरोघर पोचवली होती. परंतु ट्रामच्या बाकावर बसलेल्या माणसाचा रोष जागा होई तो भाडे वाढले म्हणजे, किंवा गाडी वेळेवर आली नाही म्हणजे. शिवाय लोकमत म्हणजे नेमके कोणाचे मत, हेही विचारले पाहिजे. म्युनिसिपालिटीत मत होते ते कर भरणाऱ्याला. गिरणगावच्या चाळीतील भाडेकऱ्यांपैकी काहींना ते १९२२ नंतर मिळाले, तेही दरमहा दहा रुपये भाडे भरत असल्यास. ज्याला मत नव्हते, त्याने आपले मत अन्य रीतीने नोंदवले. १९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजाच्या आगमनप्रसंगी आणि पुन्हा १९४२ साली ट्रामगाड्यांवर जे दगड पडले, ते कंपनीवर होते की सरकारवर, याचा निवाडा दगड मारणाऱ्यानेही केला नसावा.

तरीही मुंबईत ट्रामच्या मालकीसाठी असा दंगा झाला नाही, आणि याचे श्रेय मी त्या कलमाला देतो. कलकत्त्याकडे पाहिले म्हणजे हे ध्यानी येते. तेथील ट्राम कंपनी १८८० साली लंडनमध्ये नोंदलेली. स्वातंत्र्यानंतरही ती तशीच राहिली. १९५१ च्या कायद्याने पश्चिम बंगाल सरकारने तिच्याशी करारनामा केला, त्यात खरेदीचा हक्क होता, पण तो १९७२ च्या आधी बजावता यायचा नव्हता. दोनच वर्षांनी, १९५३ च्या जुलैत, कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. एक पैसा! त्या पैशासाठी शहर रस्त्यावर आले, ट्रामगाड्या जळाल्या, गोळीबार झाला आणि शेवटी वाढ स्थगित करावी लागली. स्वतंत्र देशाच्या राजधानीतून नव्हे, लंडनमधल्या संचालकांच्या टेबलावरून आपल्या खिशातला पैसा ठरतो, ही जाणीव त्या पैशाहून जड होती. १९६७ साली कारभार सरकारने हाती घेतला. बहात्तरची वाट पाहण्याइतका धीर कोणालाच उरला नव्हता.

मुंबईने धीर धरला, कारण तिला तारीख ठाऊक होती आणि ती तारीख आवाक्यात होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ट्राम, बस आणि वीज तिन्ही म्युनिसिपालिटीच्या ताब्यात आली. योगायोग इतका नेटका, की पुष्कळांना ते स्वातंत्र्याचेच फळ वाटते. वस्तुतः ते १९०५ च्या एका दस्तऐवजाचे फळ होते, आणि इंग्रज गेले नसते तरी ते पिकण्याचा हंगाम तोच होता. प्रौढ मताधिकाराने निवडलेली पहिली म्युनिसिपालिटी आली ती त्यानंतर, १९४८ साली.

ट्राम मिळवण्यासाठी या शहराने १८९९ पासून जवळजवळ अर्धशतक कागद लढवले. मिळाल्यावर सतरा वर्षांनी, मोटारींच्या वाटेत रूळ येतात म्हणून, त्याच म्युनिसिपालिटीने ती बंद केली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरकडे निघाली. जेथे ती थांबली, त्या चौकाला बसमधले उतारू अजून दादर टी. टी. म्हणतात, त्यातला पहिला 'टी' ट्रामचा आहे.