पेन्शनरांची दापोली

स्मरणिका समितीनं मला 'आपल्या सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितलं होतं. तो सेक्रेटरींच्या अहवालात आलाच आहे. नोंदणी, प्लॉट, बोअरवेल, रंगकाम, सगळं तारीखवार आहे. (पाण्याच्या टाकीवरून झालेली भांडणं अहवालात नाहीत, पण ती सगळ्यांना पाठ आहेत.) म्हणून मी जरा मागे जातो. आपण चोवीस कुटुंबं डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक सोडून उतारवयात इथे का आलो, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच, "हवा चांगली." पण हवा बघून दापोलीला येणारे आपण काही पहिले पेन्शनर नव्हे. हे गाव वसलं तेच मुळी छावणी म्हणून, आणि वाढलं त्यात पेन्शनरांचा हात मोठा.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. दक्षिण कोकणासाठी लष्करी ठाणं हवं होतं, त्यासाठी त्यांनी दापोली निवडली. निवड विचारपूर्वक होती. समुद्र सात-आठ किलोमीटरवर, हर्णैचं बंदर आणि सुवर्णदुर्ग हाताशी, पण गाव समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंच. म्हणजे किनाऱ्याची ऊब मिळते आणि किनाऱ्याचा चिकचिकाट बराचसा खालीच राहतो. जालगाव, गिम्हवणे, जोगळे आणि मौजे दापोली या गावांच्या जमिनींवर हा कॅम्प उभा राहिला. आजही जुनी माणसं पत्त्यावर 'कॅम्प दापोली' लिहितात ते त्यामुळे.

१८४० च्या सुमारास इथली नियमित पलटण हलवली. पण छावणी रिकामी केली नाही. तिच्या जागी 'वेटरन बटालियन' ठेवली, म्हणजे वय झालेल्या, मोहिमेवर धाडण्याजोग्या न उरलेल्या शिपायांची पलटण. ती १८५७ पर्यंत होती. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. आपल्या सोसायटीचं वर्णन दुसरं काय करणार? इंग्रजांचं पडकं चर्च आणि त्यांच्या कबरी अजून गावात आहेत. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एकदा तिकडेही वळावं.

१८५७ नंतर पलटण गेली, पण पेन्शनर यायचे थांबले नाहीत. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातली माणसं फार. रत्नागिरी जिल्हा म्हणजे भरतीचं आगरच. त्यात मराठे होते, तसेच महार शिपाईही मोठ्या संख्येनं होते. वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून, हवालदार, जमादार, सुभेदार होऊन ही माणसं परतत. आता प्रश्न असा की आपलं गाव असताना ती दापोलीच्या कॅम्पात का राहत? माझा तर्क सांगतो. गावी गेलं की सुभेदार असो की शिपाई, महार माणसाची जागा ठरलेली. तोच महारवाडा, तीच गावकी, तीच वेसकराची कामं. कॅम्पात मात्र त्याला हुद्द्यानं हाक मारणारी, त्याच्यासारखीच जग बघून आलेली माणसं शेजारी होती. आपण हवेसाठी आलो. त्यांना हवेपेक्षा मोठं काहीतरी हवं होतं.

त्यातले एक गोपाळबाबा वलंगकर. मूळचे महाडजवळच्या रावढूळचे. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. रिटायर झाल्यावर माणूस काय करतो? पेपर वाचतो, मुलांना उपदेश करतो. वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कुठे आहे ते दाखवा, असे प्रश्न धर्ममार्तंडांपुढे टाकले. दीनबंधु, सुधारक अशा पत्रांतून ते लिहीत राहिले. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था त्यांनी उभी केली. सरकारनं महारांची लष्करभरती बंद करायला घेतली, तेव्हा ती चालू ठेवावी म्हणून त्यांनी अर्ज तयार केला. अस्पृश्यांच्या चळवळीच्या इतिहासात हे अगदी सुरुवातीचं नाव, आणि ते काम उभं राहिलं ते एका लष्करी पेन्शनरानं, पेन्शनीच्या काळात, या गावात बसून. दापोलीत पंचवीस वर्षं राहून आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

त्या पेन्शनरांना दापोलीत सगळं गोड मिळालं असं मात्र नाही. स्वतः लष्करात शिकलेली ही माणसं. तिथे शिपायांच्या मुलामुलींनाही शाळा असे. मुलांनी शिकावं ही त्यांची पहिली मागणी. पण गावातल्या शाळेत त्यांच्या मुलांना वर्गात घ्यायला विरोध झाला, मुलांना व्हरांड्यात बसावं लागलं. त्यासाठी या म्हाताऱ्यांनी अर्ज केले, दाद मागितली. शतक संपण्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांतली ही गोष्ट. आपल्या सभेत पार्किंगवरून आवाज चढतो तेव्हा मला तो व्हरांडा आठवतो.

याच सुमारास, १८९४ च्या आगेमागे, आणखी एक सुभेदार महूच्या छावणीतून निवृत्त होऊन दापोलीला आले. रामजी मालोजी सकपाळ. लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांची चौदा वर्षं गेली होती. त्यांचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्याच मंडणगड तालुक्यातलं, पण घर केलं ते दापोलीच्या कॅम्पात. बरोबर लेकरांत धाकटा भीमराव, तीन-चार वर्षांचा. म्हणजे बाबासाहेबांच्या बालपणातला थोडा काळ या गावच्या मातीत गेला. थोडाच, कारण दोन-तीन वर्षांत रामजींनी साताऱ्याला नोकरी मिळवली आणि कुटुंब तिकडे हललं.

निवृत्त सुभेदाराला पुन्हा नोकरी का धरावी लागली? घर मोठं, मुलं शिकणारी, पेन्शन ठरावीक. हा हिशेब बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दरमहा एक तारखेला काउंटरवर पेन्शनरांची रांग मी तीस वर्षं बघितली. नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेतले, थरथरत्या हातांचे अंगठे उठवले. पेन्शनर कुठे राहतो हे हवा ठरवत नाही. पेन्शन किती दिवस पुरते, मुलांची शाळा कुठे आहे आणि म्हातारपणी डॉक्टर किती लांब आहे, यावर ते ठरतं. हवेचा नंबर त्यानंतर.

जाता जाता एक उलटं उदाहरण. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याला तनखा होता, समुद्राकाठचा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, हवा तर उबदारच. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. उतारवयाला लागणारं सगळं होतं, फक्त परत जायची मुभा नव्हती. तेव्हा ठिकाण स्वतः निवडता येणं हीच निम्मी चैन आहे.

आता आपल्याकडे येतो. एकोणिसशे सत्तर-ऐंशीपर्यंत कोकण म्हणजे बाहेर जाण्याची जागा. चाकरमानी मुंबईला आणि मागे मनीऑर्डर. बोटी चालू होत्या तेव्हाही हर्णैला पडावातून उतरावं लागे आणि पावसाळ्यात बोट बंद. मग घाटातून एस.टी. म्हातारपणी बाहेरच्या माणसानं इथे येऊन राहावं असं कुणाच्या मनात का येईल? १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ आलं. त्याबरोबर प्राध्यापक, वसाहत, बाजार, दवाखाने आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, खेड स्टेशन तीसेक किलोमीटरवर आलं. आणि ज्याचा उल्लेख कुठल्याच स्मरणिकेत होत नाही ती गोष्ट म्हणजे १९९५ चे बँक पेन्शन नियम आणि २०००-०१ ची स्वेच्छानिवृत्ती योजना. आपल्या चोवीस सभासदांत नऊ बँकवाले आहेत तो योगायोग नाही. पन्नाशीत हातात एकरकमी पैसा आणि पुढे पेन्शन, असं आमच्या पिढीच्या आधी बँकेत कुणाला मिळालं नव्हतं.

मी तेव्हा नाशिक जिल्ह्यात होतो. शेवटची चार वर्षं निफाडच्या बाजूला. थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरे. द्राक्षांच्या बागांत शेकोट्या पेटत आणि आमच्या घरी सौ.चे गुडघे पेटत. डॉक्टर म्हणाले, उबदार ठिकाणी राहा. अलिबाग बघितलं, ते मुंबईकरांनी आधीच महाग करून ठेवलं होतं. रत्नागिरी बघितली, चांगली आहे, पण ते शेवटी शहर. गोव्यात ओळख नव्हती. दापोलीला आलो तो जानेवारी होता. रात्री एक गोधडी पुरली. सौ. सकाळी कठड्याला न धरता जिना उतरली. व्यवहार तिथेच ठरला.

हवेनं वचन पाळलं, पण पूर्ण करारपत्र आम्ही कुणीच वाचलं नव्हतं. साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस म्हणजे काय, हे निफाडच्या माणसाला पहिल्या जुलैत कळलं. कपाटातल्या कोटावर बुरशी, पासबुकाची पानं चिकटलेली. आणि ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. त्या दुपारी गच्चीवरचे पत्रे गेले, कुंपणालगतचे सगळे माड आडवे झाले, वीज कितीतरी दिवस नव्हती. वर लॉकडाऊन, मुलांना येता येईना. बी विंगमधल्या वहिनींच्या गॅसवर आठ घरांचा चहा होत होता. आसपासच्या बागायतदारांची पंधरा-वीस वर्षांची कलमं मुळासकट गेली, त्यापुढे आपलं नुकसान ते काय? पण त्या वर्षअखेरीस तीन कुटुंबांनी फ्लॅट बंद करून मुलांकडे बिऱ्हाड हलवलं, ते परत आले नाहीत.

दुसरं कारण पैशाचं. २००१ मध्ये आठ लाख ठेवीत टाकले तर दहा टक्क्यांनी वर्षाला ऐंशी हजार येत. वीस वर्षांनी त्याच आठ लाखांवर साडेपाच टक्क्यांनी चव्वेचाळीस हजार. बँकेच्या पेन्शनीत महागाई भत्ता वाढतो, मूळ पेन्शन आहे तिथेच आहे. रामजी सुभेदारांना साताऱ्याला नोकरी धरता आली. आम्ही पंचाहत्तरीत कुठे जाणार?

तिसरं कारण डॉक्टर. साध्या दुखण्याला दापोलीत सोय आहे. छातीत कळ आली तर मात्र रात्रीच्या अंधारात चिपळूणचा रस्ता, आणि त्याहून मोठं असलं तर मुंबई-पुणे. गेल्या पाच वर्षांत आपण चार सभासद गमावले. त्यातले दोघे रस्त्यात गेले. त्यांची नावं या अंकात पहिल्या पानावर आहेत.

आज चोवीसपैकी अकरा फ्लॅटमध्ये बारमाही दिवा लागतो. बाकीचे मे महिन्यात आणि दिवाळीत उघडतात. येत्या वार्षिक सभेत रिकामे फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं द्यायची परवानगी हा विषय आहे. मुलांची बाजूही मला समजते. बंद फ्लॅटचा मेंटेनन्स भरायचा कुणी? पण शनिवारी येऊन रविवारी जाणारा माणूस रात्री दोन वाजता कुणाच्या दाराची बेल ऐकणार नाही. मी विरोधात मत देणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे सभेत वेळ जायला नको.

त्याऐवजी माझा दुसरा प्रस्ताव सभेपुढे आहे. दीर्घ मुदतीनं भाडेकरू ठेवावेत, आणि विद्यापीठातले, शाळांतले, दवाखान्यांतले तरुण नोकरदार असतील तर त्यांना पहिलं प्राधान्य द्यावं. दोन मालकांनी फोनवर होकार कळवला आहे. तळमजल्यावरचा बंद गाळा साफ करून झाला आहे, त्यात एक निवृत्त डॉक्टर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते बारा बसायला तयार आहेत. ते येत्या श्रावणात पुण्याहून इथे राहायला येत आहेत. त्यांनाही पुण्याची थंडी सोसत नाही.